आजच्या बाई

शाळेचं निमंत्रण आलं तेव्हा बाईंना आधी आनंद झाला, आणि शेवटची ओळ वाचून त्या बुचकळ्यात पडल्या. शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त मोठा मेळावा होता. जुन्या शिक्षकांनी सकाळी आपापल्या विषयाच्या वर्गात बसावं, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना त्यांना गाठणं सोपं जाईल, असं खाली लिहिलं होतं. आता आली का पंचाईत. गणितवाले गणिताच्या खोलीत बसतील, विज्ञानवाले प्रयोगशाळेत बसतील. पण ज्या बाईंनी शिवणकामापासून रसायनशास्त्रापर्यंत एकही विषय शिकवायचा ठेवला नाही, त्यांनी बसायचं कुठे?

"जिन्यात बस," त्यांचे यजमान म्हणाले. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान मुलाकडे दिलं होतं, पण डोळ्याला भिंग लावायची सवय सुटली नव्हती. निमंत्रणसुद्धा त्यांनी भिंगातून वाचलं. "नाहीतर दोन वर्गांच्या मधल्या दारात खुर्ची टाक. तू म्हणजे शाळेची स्टेपनी. गाडी स्टेपनीवर चालते गं, पण फोटो काढताना तिला डिकीत ठेवतात."

बाईंना या शब्दाचा राग यायचा. तो खरा असल्यामुळे जास्तच यायचा. एखादे सर आजारी पडले, एखाद्या बाईंच्या घरी लग्न निघालं, कोणाच्या दारात पोलीस आला किंवा कोणाच्या घरात बाळ आलं, की या बाईंना बोलावणं यायचं. बदली शिक्षिका. मुलांनी मात्र त्यांना वेगळंच नाव ठेवलं होतं: आजच्या बाई. उद्या कोण असेल ते उद्या बघू, आज या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी, निमंत्रण हातात धरून, बाईंच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही. एवढ्या मुलांतून एकाने, फक्त एकाने, 'बाई, हे मला तुम्ही शिकवलंत,' असं म्हणावं. तेवढं ऐकलं की पुरे. तेवढंही ऐकायला मिळालं नाही, तर इतकी वर्षं आपण तिथे होतो तरी का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तसं पाहिलं तर गोंधळ हा या शाळेच्या पायातच आहे. तिचं वयसुद्धा सरळ नाही. तिघा मित्रांनी कापसाच्या वखारीच्या माडीवर ती सुरू केली, म्हणून काही जण तिथून वर्षं मोजतात. चौकातली दगडी इमारत पुढे काही वर्षांनी उभी राहिली, म्हणून दुसरे तिथून मोजतात. मध्ये एक साथ आली. तेव्हा इमारतीत इस्पितळ भरलं आणि वर्ग लोकांच्या घरी बैठकीच्या खोल्यांत भरले. ती वर्षं धरायची की वजा करायची, यावर तर एकमेकांचं तोंड न बघणारे लोक आहेत. पुढे शेजारच्या गल्लीतली मुलींची शाळा हिच्यात विलीन झाली, तीही आपलं वय घेऊन आली. शेवटी शंभरीसाठी समितीने मधलंच एक वर्ष काढलं, जे कोणाचंच नव्हतं, आणि म्हणून ते सगळ्यांना चाललं.

त्या साथीच्या वर्षांत शाळेचे काही शिक्षक गेले. इमारत परत मिळाली, मुलं येऊन बाकांवर बसली, आणि काही वर्गांत समोर नुसतीच खुर्ची. मुलं त्या खुर्चीकडे बघत तासभर गप्प बसून राहायची. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना ते बघवेना. त्यांनी एक नियम केला. प्रत्येक विषयाची एक लाकडी पेटी करायची, वर विषयाचं नाव रंगवायचं, आत खडू, फडकं, पट्टी आणि कुठपर्यंत शिकवून झालं त्याची खूण. शिक्षक येवो न येवो, तास झाला की पेटी वर्गात गेलीच पाहिजे, आणि जो कोणी पेटी घेऊन येईल तोच त्या तासाचा त्या विषयाचा सर. मुलांनीही त्याला तसंच म्हणायचं. सर गेले म्हणून भूगोल जात नाही, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगल्या मनाने केला होता यात शंकाच नाही. पण चांगल्या मनाने केलेल्या नियमांनी जेवढे घोळ घातलेत, तेवढे वाईट मनाच्यांनाही जमलेले नाहीत.

बाई या घोळात शिरल्या त्या अपघाताने. धाकट्या भावाच्या प्रवेशाची चौकशी करायला त्या शाळेत गेल्या होत्या. नुकतीच पदवी झालेली, लग्न ठरलेलं, दाराशी उभ्या राहून कोणाला विचारावं याचा विचार करत होत्या. तेवढ्यात गणिताच्या सरांची बायको बाळंत होत असल्याचा निरोप आला, सर चपला हातात घेऊनच पळाले, आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी दारातल्या मुलीला विचारलं, पदवीधर आहात का. त्या हो म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी गणिताची पेटी त्यांच्या हातात दिली आणि वर्गाकडे बोट दाखवलं. बाई आत गेल्या. चाळीस मुलं उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्कार, गणिताचे सर." बाईंना हसू आलं, पण नियम म्हणजे नियम. भावाला प्रवेश मिळाला की नाही हे विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करू, असं मुख्याध्यापक म्हणाले. हे भिजत घोंगडं मग भिजतच राहिलं. मुख्याध्यापक बदलले, पण 'पुढच्या वर्षी' काही बदललं नाही. इतिहासाची जागा निघाली तेव्हा म्हणाले, तुम्ही तर विज्ञान छान सांभाळता. विज्ञानाची निघाली तेव्हा म्हणाले, विज्ञानाला विज्ञानाचाच माणूस लागतो. एकदा एकाने मनातलंच बोलून दाखवलं: तुम्हाला एका जागी बसवलं, तर बाकीच्या जागी कोण धावेल? घरी येऊन बाईंनी तो राग भांड्यांवर काढला.

पण काम त्या पाट्या टाकल्यासारखं करत नसत. आजारी शिक्षकाच्या घरी जाऊन, त्याच्या उशाशी बसून, धडा कुठवर आला, कोणता मुलगा समजल्याचं सोंग करतो, कोणती मुलगी येत असूनही हात वर करत नाही, हे विचारून यायच्या. मग वर्गात त्या त्या शिक्षकासारख्याच व्हायच्या. इंग्रजीच्या सरांच्या पेटीबरोबर त्यांच्या आवाजात नकळत इंग्रजीच्या सरांचा हेल यायचा. गणिताच्या तासाला त्या गणिताच्या सरांसारख्या खडू मोडून दोन तुकडे करायच्या. वर्षं गेली आणि यातलं कुठलं कोणाचं, याचा त्यांनाच पत्ता राहिला नाही. रसायनशास्त्राच्या खोलीत एकदा काचेचं भांडं फुटलं होतं. ते त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसतं, काचा, निळसर धूर, पहिल्या बाकावरच्या मुलीचं किंचाळणं. आणि त्या दिवशी त्या तिथे नव्हत्याच, दुसऱ्या मजल्यावर शिवणाच्या वर्गात मुलींना काजं करायला शिकवत होत्या. मग ते दिसतं कसं? दुसऱ्याच्या जागी उभं राहून राहून दुसऱ्याच्या आठवणीही अंगाला चिकटत असतील, असं म्हणून त्या विषय सोडून द्यायच्या.

नोकरी संपली तीसुद्धा अशीच, कोणी न सांगता. नव्या वेळापत्रकात असं ठरलं की ज्या शिक्षकाचा तास रिकामा असेल त्यानेच गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळायचा. चांगली सोय होती. फक्त ती बाईंना कळवायचं कोणाला सुचलं नाही. निरोप समारंभ करायचा तर नोकरी असावी लागते, आणि कागदोपत्री ती त्यांना कधी नव्हतीच. बाई सकाळी आवरून, इस्त्रीचे कपडे घालून फोनजवळ बसायच्या. शाळा भरायची वेळ टळून जाईपर्यंत बसायच्या. बरेच दिवस फोन आला नाही तेव्हा, सगळे शिक्षक ठणठणीत आहेत वाटतं, असं त्या म्हणाल्या. यजमानांच्या लक्षात केव्हाच आलं होतं, पण एवढं एक बोलताना मात्र त्यांची जीभ रेटली नाही.

तर मेळाव्याच्या दिवशी बाई शाळेत पोचल्या. दारात रंगीत कागदाच्या पताका, आतमध्ये पिकल्या केसांची मुलं. कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि सगळे सगळ्यांना मिठ्या मारत होते. बाई आधी शिवणाच्या खोलीत डोकावल्या. तिथे संगणक लागले होते. गणिताच्या खोलीत गणिताचे सर, चपला हातात घेऊन पळालेले तेच, आता काठी टेकून बसलेले, आणि त्यांच्याभोवती कोंडाळं. त्यांनी बाईंना हात केला आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, "या आमच्या... या इथे होत्या." माणसाने नमस्कार केला. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघाल्या. इतिहासाच्या खोलीत कोणीतरी त्यांना ग्रंथपाल समजलं, विज्ञानाच्या खोलीत कोणाची तरी आई. तळ्यात की मळ्यात करत त्या व्हरांड्याच्या टोकाला आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला, मुकाट्याने घरी जावं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. त्या नव्या, तरुण, हातात दोन फोन, कपाळावर घाम. बाईंविषयी त्यांना कोणीतरी सांगितलेलं असावं.

"बाई, एक विनंती होती," त्या म्हणाल्या. "भूगोलाच्या वर्गात बसायला कोणी नाही. सर तर गेले. त्यांचा फोटो ठेवलाय आम्ही, त्यांची मुलगीही येतेय. पण मुलं भेटायला येणार, तर शिक्षक म्हणून कोणीतरी हवं ना समोर. तुम्ही बसाल का, सरांच्या जागी?"

हसावं की रडावं हे बाईंना कळेना. माणूस मरून गेला तरी त्याच्या जागी आपणच. पण पाय मनाचं ऐकत नाहीत. 'बसते' असं तोंडातून निघायच्या आधीच त्या भूगोलाच्या वर्गाकडे चालू लागल्या होत्या.

भूगोलाचे सर म्हणजे शाळेतलं मोठं नाव. उंच, ताठ, एक शब्दही जास्त न बोलणारे. फळ्याकडे पाठ करून, न बघता त्यावर किनारपट्टी काढायचे. मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांचा अभिमानही बाळगायची. दम्यामुळे हिवाळ्यात ते वरचेवर घरी असत आणि बाईंनी सगळ्यात जास्त वेळा जी पेटी उचलली ती भूगोलाची. वर्गात टेबलावर त्यांचा फोटो होता, फोटोतही ते ताठच होते. शेजारी दोन खुर्च्या. एकीवर त्यांची मुलगी बसली होती, आता तिचेही केस पांढरे झालेले. ती याच शाळेत शिकली होती, पण शिक्षकांच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या तुकडीत घालायचं नाही असा नियम होता, त्यामुळे वडिलांना शिकवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने बाईंकडे बराच वेळ बघितलं.

"तुम्ही आम्हाला होतात ना? गणिताला?" तिने विचारलं. "का चित्रकलेला?"

दोन्हीला असेन, बाई म्हणाल्या, आणि दोघी थोड्या हसल्या.

मग मुलं यायला लागली आणि नवीनच घोटाळा सुरू झाला. फोटो, शेजारी म्हातारी बाई, तिच्या शेजारी मुलगी. आलेल्या प्रत्येकाने आपापला हिशेब केला आणि बाईंना सरांची बायको ठरवून टाकलं. कोणी काकू म्हणालं, कोणी वहिनी. सरांसारखा माणूस पुन्हा होणार नाही, तुम्ही धीर सोडू नका, असं सांगत एकाने तर त्यांचा हात हातात घेऊन डोळे पुसले. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या पत्नी त्यांच्याही आधी गेलेल्या. बाई पहिल्या एकदोघांना, अहो मी त्यांची बायको नाही, असं सांगायला गेल्या, तर ते इतके शरमले की त्यांचीच समजूत घालत बसावं लागलं. नंतर बाईंनी सांगायचं सोडून दिलं. सरांच्या मुलीने रुमाल तोंडाला लावला होता. ती रडते आहे असं लोकांना वाटलं. ती हसत होती.

ते हसू थांबलं ते एका बेकरीवाल्यामुळे. गोल चेहऱ्याचा, दांडगा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची बेकरी. तो आला आणि फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग बाईंच्या समोर बाकावर बसला. बाक त्याला पुरत नव्हता.

"काकू, तुम्हाला सांगतो," तो म्हणाला, "मी लहानपणी बोलताना अडायचो. फार अडायचो. एक शब्द बाहेर पडायचा तर बाकीच्यांचा डबा खाऊन व्हायचा. पोरं माझा शब्द स्वतःच पुरा करायची आणि हसायची. त्या वर्षी शाळेचं छप्पर काढलं होतं दुरुस्तीला, म्हणून आमचा वर्ग व्हरांड्यात बसायचा, काळ्या फरशीवर. नकाशा टांगायला भिंत नव्हती. तर सर पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर नदी काढायचे. नदी वाळायच्या आत काठावरची गावं सांगायची, असा खेळ. माझी पाळी आली. पहिल्याच गावाच्या पहिल्याच अक्षरावर मी अडलो. मान खाली. वर बघायची हिंमतच नव्हती, नुसता फरशीकडे बघतोय. नदी वाळत चालली. मी बघतोय, ती वाळतेय. तेवढ्यात सरांचं ओलं बोट आलं आणि उगमापासून नदीवरून फिरलं. परत वाळायला लागली, परत बोट आलं. लवकर म्हण असं नाही, राहू दे असंही नाही. कोणाला हसू दिलं नाही, कोणाला शब्द पुरा करू दिला नाही. माझं शेवटचं गाव सांगून होईपर्यंत सरांनी ती नदी वाळू दिली नाही."

मग फोटोला हात जोडून तो म्हणाला, "मी बोलायला लागलो तो त्या दिवसापासून. हे त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगितलं." मग चहा दिसला म्हणून तो बाहेर व्हरांड्यात गेला. मोठ्या माणसांचं असंच असतं, डोळे भरून आले की त्यांना चहा लागतो.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हाताचं बोट थंड पडलं होतं. फरशीचा खरखरीतपणा त्यांना बोटाच्या टोकाला कळत होता, पाण्याचा पेला डाव्या हाताला होता हेही आठवत होतं. समोर एका मुलाचा खाली घातलेला भांग. पण हे खरंच त्यांचं होतं की काचेच्या भांड्यासारखं? सर असं करायचे आणि त्यांच्या उशाशी बसून आपण ते ऐकलं, असं तर नव्हे? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण या बिळात आधी कोण शिरलं होतं, सर की आपण?

सरांची मुलगी फोटोकडे बघत होती.

"ही नदी मी आधीही ऐकली आहे," ती हळूच म्हणाली. "बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या त्याच वर्गातल्या एका माणसाने सांगितली होती. तेव्हापासून मला ती सलते. खोटं कशाला बोलू? आम्ही भावंडं घरी त्यांच्यापुढे उभी राहायचो, ते प्रश्न विचारायचे, आणि उत्तर यायला उशीर झाला की ते उठून जायचे. कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. नुसते उठून जायचे. परक्यांच्या मुलासाठी ते अशी नदी ओली ठेवत होते, आणि माझ्यासाठी त्यांना क्षणभरही बसवत नव्हतं. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार, दुसरं काय?" तिने बाईंकडे वळून विचारलं, "तुम्ही तेव्हा शाळेत होतात. बाबा खरंच असं करायचे?"

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर हिच्या मनातला काटा आणखी खोल जाणार. नाही म्हणावं तर मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून, त्याच्याच मुलीच्या देखत, त्याच्या नावावरची सगळ्यात चांगली गोष्ट आपण आपल्या पदरात टाकून घेणार. आणि मुख्य म्हणजे खरं काय ते बाईंनाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एकाने तरी आपली आठवण काढावी म्हणून जीव टाकला, आणि ती आली तेव्हा ती आपली आहे हे छातीठोकपणे सांगता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली आणि रागही आला. कोणाचा राग, तेही कळेना.

"मला वाटतं, ती मी होते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला खात्री नाही. माझं आणि इतरांचं सगळं एकमेकांत मिसळलंय. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मुलगी मनाशी काहीतरी जुळवत होती. मग तिने विचारलं की छप्पर काढलं होतं ते कोणतं वर्ष, मुलींच्या शाळेच्या विलीनीकरणाच्या आधीचं ना? बाई म्हणाल्या, आधीचंच, तोच हिवाळा. त्याच्या पुढच्या वर्षी तर मुली आल्या.

"त्या हिवाळ्यात बाबा घरी होते," मुलगी म्हणाली. "पूर्ण हिवाळा. डॉक्टरांनी जिना उतरायला मनाई केली होती. मी मुलींच्या शाळेत होते तेव्हा, घरी आले की ते खिडकीपाशी बसलेले असायचे, उशीला टेकून. एक दिवसही शाळेत गेले नाहीत ते." तिचा आवाज वर गेला, तसे दारातले दोघंतिघं वळून बघायला लागले. "म्हणजे त्या तुम्हीच. आणि पेटी भूगोलाची, म्हणून सगळे त्यांचं नाव घेतात."

आता ही रागावणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलंही. पण मुलीने डोळे मिटून घेतले होते, आणि बऱ्याच दिवसांचं ओझं उतरवून ठेवल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

"म्हणजे ते वर्गातही तसेच होते," ती म्हणाली. "घरच्यासारखेच. त्यांनी आमच्यापासून काही राखून ठेवलं नव्हतं. त्यांच्याकडे ते नव्हतंच हो. असतं तर आम्हालाही दिलं असतं."

तिने फोटोतल्या वडिलांच्या बाहीवरून अंगठा फिरवला, धूळ नसतानाही. मग ती उठली आणि भराभर बाहेर गेली. वर्गात बाई आणि सर असे दोघंच उरले. बाईंना हायसं वाटलं, आणि त्याच वेळी एखाद्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखंही वाटलं. सर, तुमचं घेतलं का हो मी, असं त्या मनात म्हणाल्या. सर नेहमीसारखेच काही बोलले नाहीत.

व्हरांड्यातून मुलीचा आवाज येत होता. ती बेकरीवाल्याला काहीतरी समजावून सांगत होती, आणि तो, नाही हो, असं कसं, पेटी भूगोलाची होती, मी स्वतः पाहिली, असं म्हणत होता. मग तो गप्प झाला. त्याने फक्त फरशी आणि बोट पाहिलं होतं, मान वर करून चेहरा पाहिलाच नव्हता, हे त्याच्या आत्ता कुठे लक्षात येत असावं.

तो दारात येऊन उभा राहिला. हातातला चहाचा कप तसाच भरलेला. त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्याच्यामागे मुलगी होती, तिच्यामागे आवाज ऐकून जमलेले चारपाच जण, आणि ते एकमेकांना काय झालं, काय झालं, असं विचारत होते.

"बा...," तो म्हणाला, आणि अडला. इतक्या वर्षांनी, इतक्या मोठ्या माणसाची जीभ त्या पहिल्याच अक्षरावर अडकून बसली. "बा... बा..."

मागचा एकजण मदतीला धावला. "बाई म्हणायचंय त्यांना," तो म्हणाला.

बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. कोणीतरी हसलं, त्याच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि तो हसायचा थांबला. हे कोणाचं बघणं होतं, कुठल्या सरांचं, कुठल्या बाईंचं, हा प्रश्न त्यांना या वेळी पडला नाही. त्या खुर्चीत सरसावून बसल्या आणि बेकरीवाल्याकडे बघत राहिल्या. त्याचं तोंड लाल झालं होतं. खाली मुख्याध्यापिका ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना भोजनासाठी बोलावत होत्या. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्याला पाहिजे तेवढा वेळ होता.